हॉटेलातली शेवटची पंगत

हल्ली शनिवार-रविवारी संध्याकाळी घरात गॅस पेटवायचा नाही, हा कितीतरी घरांमधला अलिखित नियमच झालाय. आठवडाभराची धावपळ, डबे, कामवालीच्या दांड्या, मुलांचे अभ्यास... त्यामुळे 'चला, आज बाहेरच जेवू' हे वाक्य कानावर पडलं की घरातल्या बाईला हायसं वाटतं. आज आपल्याला सुट्टी! पण घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल, तर ही सुट्टी कशी साजरी होते ते बघायला रात्री नऊच्या सुमारास कुठल्याही फॅमिली रेस्टॉरंटमध्ये एक नजर फिरवा.

एका टेबलाशी दीड वर्षाचा बाळकृष्ण चमचा आपटतोय. जेवण यायला अजून वीस मिनिटं आहेत, म्हणून आईनं त्याच्या हातात मसाला पापड दिलाय. पलीकडे तीन वर्षांची चिमुरडी पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या मोबाइलमध्ये डोळे घालून बसलीय. आई घास पुढे करते, तोंड आपोआप उघडतं, घास आत जातो. तिसऱ्या टेबलावरचं बाळ रडून रडून लालबुंद झालंय आणि आई त्याला कडेवर घेऊन बाहेर पार्किंगमध्ये फेऱ्या मारतेय. तिची तंदुरी रोटी ताटात एव्हाना चामड्यासारखी झालेली असणार. बाकीची मंडळी? ती गरम गरम जेवताहेत. 'अगं, तू पण बस ना, सगळं गार होतंय,' असं मधूनमधून म्हणताहेतसुद्धा!

पूर्वी लग्नकार्यात पहिली पंगत मुलांची असायची. पोरं भुकेजली की मांडव डोक्यावर घेतात, हे जुन्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. मग पाहुण्यांची, पुरुषांची आणि सगळ्यात शेवटी घरच्या बायकांची पंगत. तोवर मठ्ठा तळाला गेलेला, जिलब्या मोजक्या उरलेल्या आणि भात गार. हॉटेलात आपण सगळे एकाच टेबलाशी बसतो, त्यामुळे हे सगळं मागे पडलं असं वाटतं. पण नीट बघितलं तर झालंय भलतंच. मुलांची पहिली पंगत गेली आणि बायकांची शेवटची पंगत तेवढी शिल्लक राहिली. माझं म्हणणं साधं आहे. पहिली परत आणूया आणि शेवटची मोडून टाकूया. दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. मुलाचं पोट वेळेवर भरलं, तरच आईचं ताट गरम राहतं.

भूक घड्याळ बघून लागते

आमच्या घरात सध्या चार वर्षांची नात आणि दहा महिन्यांचा नातू असे दोन मेंबर आहेत. त्यांच्यासह बाहेर जेवायला जाणं ही एक छोटी मोहीमच असते. त्यातून शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे हॉटेल कुठलं, यापेक्षा वेळ कुठली हे जास्त महत्त्वाचं.

घरी सात-साडेसातला जेवणारं मूल रविवारी अचानक साडेनऊची भूक कुठून आणणार? आपण घरून निघतो आठला, वेटिंगमध्ये अर्धा तास, ऑर्डर द्यायला दहा मिनिटं, जेवण यायला वीस-पंचवीस मिनिटं. तोवर मुलाची भूक मेलेली असते, झोप आलेली असते. मग जे होतं त्याला आपण 'हट्टीपणा' म्हणतो. म्हणून मोठ्यांनीच थोडं पुढे सरकावं. सातला हॉटेलात पोचलं तर जागा मिळते, वेटरला बोलायला सवड असते, स्वयंपाकघरावर ताण नसतो आणि नऊच्या आत घरी येऊन मूल आपल्या वेळेला झोपतं. दुपारचं जेवण तर याहून सोयीचं.

तेवढ्या लवकर जाणं जमत नसेल, तर सरळ मुलाला घरी वरण-भात भरवून न्यावं. हॉटेलात त्याला आपल्या ताटातलं काहीतरी चघळायला, चाखायला द्यायचं. त्या दिवशी 'भरवणं' हा कार्यक्रमच नाही!

आणि ऑर्डर? ती मुलाची आधी. मेन्यू कार्ड उघडायच्याही आत. डोंबिवलीतल्या एका उडुपी हॉटेलातले गल्ल्यावरचे अण्णा मला एकदा म्हणाले होते, "मॅडम, लहान मूल दिसलं की आम्हीच विचारतो, बेबीला काय? त्याचं पाच मिनिटात येतं. ते खाऊन बसलं की तुम्ही निवांत, आमचं टेबलही निवांत!" धंद्याचा हिशेब त्यांनी बरोबर मांडला होता. आईनं तो का मांडू नये?

'कम तीखा' म्हणजे काय?

आपण सगळ्याच वेटरला सांगतो, "भैया, बच्चे के लिए है, तीखा कम करना." तो मान डोलावतो. भाजी येते ती तशीच झणझणीत. यात त्याचा दोष फारसा नसतो.

पंजाबी जेवण देणाऱ्या बहुतेक हॉटेलांत ग्रेव्ही ऑर्डर दिल्यावर करायला घेत नाहीत. टोमॅटोची लाल, कांद्याची तपकिरी आणि काजू-मगजबीची पांढरी अशा ग्रेव्ह्या आधीच मोठ्या पातेल्यांत तयार असतात. ऑर्डर आली की त्यातली एक-दोन पळ्या कढईत घ्यायची, पनीर नाहीतर भाज्या घालायच्या, वरून क्रीम किंवा बटर सोडायचं, की झाली भाजी. तिखट, मीठ आणि मसाला मूळ ग्रेव्हीतच असतो. आचाऱ्यानं ठरवलं तरी तो बाहेर काढणार कसा? फार तर तो जास्त क्रीम आणि साखर घालून तिखट झाकतो. म्हणजे मुलाच्या पोटात तिखट जातंच, वर साय-साखरही जाते.

हे एकदा लक्षात आलं की काय मागवायचं ते सोपं होतं. जे ऑर्डर दिल्यावर तव्यावर किंवा कढईत ताजं होतं, त्यातच मिरची टाळता येते. डाळ शिजवून ठेवलेली असते आणि फोडणी नंतर घालतात. म्हणून 'दाल फ्राय कम तीखा' न म्हणता 'फोडणीच्या आधीची साधी डाळ, वर चमचाभर तूप' असं सांगायचं. आमलेट मिरची-कांद्याशिवाय होतं. फ्राइड राइस कढईत ताजा परततात, तेव्हा 'सॉस आणि मिरची नको, भाज्या जास्त' असं सांगता येतं. जिरा राइस तर तसाच चालतो. तंदुरी रोटी आणि नान लहान दातांना चिवट लागतात. त्यापेक्षा तव्यावरचा फुलका मागवावा आणि डाळीत कुस्करावा.

बाळाच्या अन्नात मीठ किती असावं? ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एक ते तीन वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त दोन ग्रॅम मीठ पुरे असं सांगते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला एक ग्रॅमपेक्षाही कमी. दोन ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याच्या अर्ध्याहूनही कमी, तेही सगळ्या दिवसाचं. आता हॉटेलातला पापड, लोणचं, सूप आणि ग्रेव्ही डोळ्यांसमोर आणा. रोजचा प्रश्न नाही, महिन्यातून दोनदाचा आहे, हे कबूल. पण वाट बघताना हातात द्यायला पापडापेक्षा काकडीची लांब, मऊ फोड किंवा घरून नेलेलं केळं केव्हाही चांगलं.

आपल्याच मेन्यूत बाळाचं जेवण

'मुलांना देण्यासारखं हॉटेलात काही नसतंच,' असं पुष्कळ जणी म्हणतात. मग फ्रेंच फ्राइज मागवले जातात. मला वाटतं, आपल्याकडची हॉटेलं या बाबतीत खरं तर फार सोयीची आहेत. फक्त किड्स मेनूच्या पानावर शोधायचं नाही.

उडुपी हॉटेल हे तर लहान मुलांचं माहेर. इडली आंबवलेली, वाफवलेली, मऊ आणि मिरचीचं नाव नसलेली. सांबार-चटणीऐवजी वर तूप नाहीतर सोबत दही मागावं. साधा डोसा 'कडक नको, मऊ' असा सांगता येतो. दहीभात फोडणीशिवाय मागितला तर लगेच मिळतो. मेदुवड्यात मात्र बऱ्याच ठिकाणी मिरचीचे तुकडे आणि अख्खी मिरी असते, तेव्हा तो मोडून बघावा.

गुजराती थाळीत डाळ गोडसर असते, फुलके गरम येतात, वर तूप असतं, खिचडी-कढी असते. 'एका थाळीत दोघांनी जेवू नये' अशी पाटी तिथे दिसते खरी. पण दोन वर्षांच्या बाळासाठी वेगळी थाळी घ्यावी लागेल का, हे बसण्याआधीच विचारून घेतलं की नंतर वाद होत नाही.

कोल्हापुरात मटणाच्या खानावळीत गेलात तर तांबडा-पांढरा रस्सा यायच्या आधी 'अळणी' मागा. मसाला घालण्यापूर्वी हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेल्या मटणाचं ते पाणी. नाव अळणी, पण त्यात मीठ असतं, नसतं ते तिखट. तिकडच्या घरांत मुलांच्या वाटीत आधी हेच वाढतात, भात कुस्करून. पांढरा रस्सा रंगावरून सौम्य वाटतो, पण त्यात मिरी आणि मसाला असतो, तेव्हा रंगाला भुलू नये.

कोकणात, मालवणी खानावळीत लहान मुलासाठी मुडदुशी मिळते का ते विचारावं. पचायला हलका मासा म्हणून बाळंतिणीला आणि लहान मुलांना ती देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ती नसेल तर सुरमईची तुकडी. मधला मोठा काटा काढला की मांस सहज सुटतं. बांगडा आणि पेडवे चवीला कितीही छान असले तरी बारीक काटे फार, ते मोठ्यांनीच खावेत. कुठलाही मासा असो, बोटांनी चाचपूनच घास द्यायचा. खानदेशात वरण-बट्टी मिळाली तर बट्टी साध्या वरणात चुरायची, वर तूप. झालं की जेवण!

किड्स मेनू म्हणून जे असतं ते बहुतेक तळलेलं, मैद्याचं आणि चीजचं. सोबत केचपची वाटी. केचपच्या एका मोठ्या चमच्यात जवळजवळ एक लहान चमचा साखर असते. कोला प्रकारच्या तीनशे मिलिलिटर थंड पेयात सुमारे आठ चमचे! आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सनं, २०१९ साली अशा जंक फूडबद्दल आणि गोड पेयांबद्दल आईवडिलांना सावध करणारी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आहेत. वाढदिवसाला एखाद्या वेळी फ्रेंच फ्राइज खाल्ले म्हणून आभाळ कोसळत नाही. पण 'बाहेर जेवणं म्हणजे फ्राइज आणि कोला' हे समीकरण तीन वर्षांच्या डोक्यात पक्कं बसलं, की पुढे वरण-भाताला 'हॉटेलचं जेवण' म्हणून मान मिळणं कठीण.

गडद केशरी-लाल रंगाच्या पदार्थांपासूनही लहान मुलांना लांब ठेवावं. कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांच्यातल्या घातक कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती उगीच नाही.

अंगावर पिणाऱ्या बाळाचं काय?

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं हॉटेलातलं जेवण म्हणजे आईचं दूध, दुसरं काही नाही. पाण्याचा चमचा नको, 'चाखव गं थोडं' म्हणून बोटावरचं आइस्क्रीम नको. आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात नको. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. हल्ली सरबतात, सॉसमध्ये, स्टार्टर्समध्ये सर्रास मध असतो, तेव्हा विचारून घ्यावं.

पण बाळाला पाजायचं कुठे? रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावलेल्या हिरकणीचं नाव आपण एसटी स्टँडवरच्या स्तनपान कक्षांना दिलं. फार छान केलं. मॉलमध्येही आता कुठे कुठे अशी खोली असते. साध्या हॉटेलात मात्र काही नसतं. माझ्या भाचीला तर पुण्यातल्या एका चांगल्या हॉटेलात मॅनेजरनं 'वॉशरूममध्ये जाऊन पाजा' असं सुचवलं होतं! ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही तिथे बसून जेवाल का?" त्यानं निमूट कोपऱ्यातलं टेबल दिलं.

सर्वोच्च न्यायालयानंही फेब्रुवारी २०२५ मध्ये सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजण्यासाठी सोयी असाव्यात असं राज्यांना सुचवलं, आणि चारचौघांत बाळाला पाजण्यात लाजिरवाणं काही नाही याचीही आठवण करून दिली. सोय होईल तेव्हा होईल. तोवर आत शिरताना भिंतीकडेचं, एसीचा झोत न येणारं, दरवाजापासून लांबचं टेबल मागून घ्यायचं. ओढणी किंवा दुपट्टा सोबत ठेवायचा आणि निर्धास्त बसायचं. घरच्यांनी तेवढ्या वेळात इकडे तिकडे न बघता तिच्या ताटावर झाकण ठेवलं तरी पुष्कळ!

सहा महिन्यांनंतरच्या बाळासाठी घरून डबा न्यावा का? न्यावा की. बहुतेक ठिकाणी तान्ह्या बाळाच्या डब्याला कुणी हरकत घेत नाही. फक्त खिचडी दुपारची नको. शिजवलेला भात कोमट अवस्थेत दोन तासांपेक्षा जास्त राहिला की त्यात जिवाणू वाढू लागतात. निघताना केलेली, चांगल्या डब्यात गरम भरलेली असावी, आणि उरली तर परत घरी आणून फ्रीजमध्ये ठेवायची नाही. पाणी घरचं उकळलेलं. हॉटेलातला बर्फ, कापून ठेवलेलं सॅलड, हिरवी चटणी आणि उघड्यावरचा ज्यूस लहान मुलांना नकोच. दूध गरम करून मागितलं तर आधी ढवळायचं आणि आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायचं. मायक्रोवेव्हमधलं दूध वरून कोमट आणि आतून कढत असू शकतं.

टेबलावरचे धोके

हॉटेलचं टेबल मोठ्यांसाठी मांडलेलं असतं. लहान मूल बसायच्या आधी ते एकदा आवरून घ्यावं. काचेचे ग्लास, सुऱ्या-काटे आणि दातकोरण्यांची डबी लांब. टेबलक्लॉथचा लोंबणारा कोपरा आत दुमडायचा, कारण तो ओढला की गरम सूप थेट अंगावर येतं. धूर सोडत येणारा सिझलर मुलांना जादूसारखा वाटतो. त्याची लोखंडी तबकडी मात्र किती वेळ तापलेली राहते ते त्यांना कळत नाही. ज्या टेबलाशी दोन वर्षांचं मूल आहे, तिथे त्या दिवशी सिझलर न मागवणंच बरं. आणि ते फिंगर बोल! आमच्या नातीनं ते 'लिंबू सरबत' म्हणून दोन घोट पोटात घातलं होतं. त्यानं काही झालं नाही, पण तेव्हापासून ते आमच्याकडे मोठ्यांच्या हातातच येतं.

खरी भीती घशात अडकण्याची. मुलांच्या मागच्या दाढा साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान येतात, तोवर कडक पदार्थ नीट चावताच येत नाही. शेंगदाणे, मसाला काजू, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, मटणाच्या हाडाच्या किरच्या, चण्याचे दाणे हे चार-पाच वर्षांपर्यंत लांबच. आणि बिलासोबत येणारी ती बडीशेप-खडीसाखरेची वाटी! सगळे मोठे पैशांच्या हिशेबात असतात आणि मुलाचा हात नेमका खडीसाखरेच्या खड्यांकडे जातो. ती वाटी पहिल्यांदा उचलायची. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात जेवणानंतर मुखवास समजून कोरडा बर्फ तोंडात टाकल्यामुळे पाच जणांना रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात जावं लागलं होतं. ती मोठी माणसं होती. 'धुराची बिस्किटं' आणि धूर निघणारी थंड पेयं मुलांच्या हातात देऊच नयेत.

घास अडकलाच तर? मूल जोरात खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्यायचं. खोकला हाच सगळ्यात चांगला उपाय. पाणी पाजायचं नाही, न दिसणारा घास काढायला तोंडात बोट घालून चाचपायचं नाही. आवाज बंद झाला, ओठ निळसर पडायला लागले तर मात्र क्षणाचाही उशीर नको. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापा मारायच्या, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब द्यायचे. त्याहून मोठ्या मुलाला पुढे वाकवून पाठीत पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेला पाच दाब. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करायचा. हे वाचून येत नाही. बालरोगतज्ज्ञांकडून एकदा करून घ्यावं, आजी-आजोबांनीसुद्धा.

चिऊ-काऊचा घास आणि मोबाइल

'मोबाइल नाही दिला तर ती खातच नाही,' हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता मोजणं सोडलंय. आपण नाही का चिऊ-काऊचे घास भरवत होतो, मग मोबाइलनं काय बिघडलं, असंही विचारतात. फरक आहे. चिऊचा घास भरवणारी आजी बाळाच्या तोंडाकडे बघत असते. बाळानं मान फिरवली की तिला कळतं, आता पुरे. मोबाइलकडे बघणाऱ्या मुलाला स्वतःलाच कळत नाही की पोट भरलंय. दोन वर्षांखालच्या मुलांना, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडला, तर स्क्रीन अजिबात नको, असं आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. जेवतानाचा मोबाइल कोणत्याच वयात नको.

मुळात मुलानं हॉटेलात एवढं खावं किती, ही आपली कल्पनाच अवाजवी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला एका जेवणात अडीचशे मिलिलिटरच्या कपानं अर्धा कप अन्न पुरतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला पाऊण ते एक कप. बस्स! त्यातून पहिल्या वर्षात जन्माच्या तिप्पट वजन करणारं बाळ दुसऱ्या वर्षात साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. ती कमी झालेली भूक आईला 'खातच नाही हो' म्हणून छळते.

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या जेवणातली कामाची एक वाटणी सांगितली आहे. काय द्यायचं, कधी आणि कुठे द्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलानं ठरवायचं. मला ही वाटणी फार पटते. हॉटेलात तर ती आईची अर्धी मानगूट सोडवते. इडली पुढे ठेवली, तिचे लांबट तुकडे केले, हात पुसले, आता तू आणि तुझी इडली! अर्धी खाली पडेल, थोडी कानाला लागेल. जाताना टेबलाखालचा पसारा पेपर नॅपकिननं गोळा करावा आणि वेटरला चार पैसे जास्त ठेवावेत. मोबाइलऐवजी पर्समध्ये दोन-तीन छोटी पुस्तकं, चार मेणाचे खडू आणि कोरे कागद असले की वीस मिनिटं निघतात.

पाळी कुणाची?

हे सगळं वाचून एखादी म्हणेल, 'म्हणजे आणखी दहा गोष्टी मीच लक्षात ठेवायच्या!' नाही. म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहितेय. आमच्याकडे मुलं झाल्यावर जावई आणि लेक यांनी एक पद्धत पाडली. एका वेळी जेवतो तो एक, मुलांकडे बघतो तो दुसरा. एकदा लेकीचं ताट आधी, पुढच्या खेपेला जावयाचं. मी आणि आमचे हे मधल्या वेळात फेऱ्या मारायला, खडू द्यायला. पहिल्यांदा जावयानं नातवाला मांडीवर घेऊन इडली भरवायला सुरुवात केली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "किती गुणाचा हो जावई!" लेक हसून म्हणाली, "काकू, मुलगा त्याचाही आहे."

सासूबाई सोबत असतील, आणि आई जेवत बसलीय नि बाबा भरवतोय हे त्यांना खटकत असेल, तर त्यांनाही सामील करून घ्यावं. 'आई, तुमच्या हातनं खातो तो,' म्हटलं की नातवाचा घास त्यांच्याकडे आपोआप जातो. ऑर्डर देताना स्वतःसाठीही विचार करून मागवा. मुलानं टाकलेलं संपवणं म्हणजे आपलं जेवण नव्हे. आणि जिची पाळी शेवटी असेल तिची रोटी, तिचा डोसा त्याच वेळी मागवा, आधी नको. वेटरला नुसतं 'एक डोसा नंतर' म्हटलं की पुरतं. एवढी साधी गोष्ट, पण कितीतरी जणींनी लग्नानंतर हॉटेलात कुरकुरीत डोसा खाल्लेलाच नसतो.

आमची नात आता वेटरकाकांना स्वतः ऑर्डर देते. "काका, मला एक इडली, तूप जास्त, सांबार नको." मग सगळ्यांकडे बघून विचारते, "आज आधी कोण जेवणार? आई की बाबा?" तिला वाटतं, सगळ्यांच्याच घरी असं विचारतात.